आप्पा, चौपाटीला येता का?

“आप्पा, येता का चौपाटीला?”

फाटकाबाहेरून चन्नबसप्पाची हाक आली आणि रोजच्यासारखं आप्पाच्या आधी कुत्रं उठलं. म्हणजे उठायला गेलं. पुढचे पाय उभे राहिले, मागचे काही केल्या राहीनात. नखं फरशीवर खरवडली, बूड वीतभर वर आलं आणि धपकन पुन्हा खाली बसलं. तरी शेपटी चालूच. मान फाटकाकडे, आणि तोंडातून ते बारीक कुंई कुंई, जे फक्त या एका हाकेला यायचं.

“आरं, मुकादमाला काय झालं?” चन्नबसप्पा फाटक ढकलून आत आला.

“सकाळधरनं असंच चाललंय,” बिराप्पा म्हणाला. “उठतंय आन् बसतंय.”

मुकादम हे कुत्र्याचं नाव. बिराप्पाच्या बायकोने, अयोध्याबाईने, ठेवलेलं. काम काडीचं करायचं नाही, पण फाटकात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायची, मग त्याला दुसरं काय म्हणणार? तपकिरी अंग, एक कान उभा, एक पडका, आणि जात विचाराल तर मुंबईच्या रस्त्याची. पण हे नाव त्याच्या अंगी काही लागलं नाही. चार वर्षं झाली, ‘मुकादम, ये’ म्हटलं की ते ढिम्म हलायचं नाही. ‘मुकादम, बस’ म्हटलं तर तोंड फिरवायचं. आणि बिराप्पाला कुणी हाक मारली की मात्र हे आधी हजर. बिराप्पाला सगळी गल्ली आप्पा म्हणायची. कुणी ‘आप्पा, या की चहाला’ असं म्हणायचा अवकाश, कुत्रं त्याच्या दारात जाऊन बसलेलं. “हाक मालकाला आन् ओ कुत्र्याची,” म्हणून गल्लीने पोटभर हसून घेतलं होतं. बिराप्पाला मात्र वाटायचं, आगाऊ आहे जनावर.

तसं बिराप्पाचं आणि कुत्र्यांचं वैर जुनं. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातला तो पहिला नोकरदार. मुरुमजवळच्या वाडीतून उठला आणि बत्तीस वर्षं धाराशिवच्या दिवाणी कोर्टात बेलिफ म्हणून राबला. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद ज्याच्या नावाचा, त्याच्या दारात नेऊन देणारा. आधी सायकलवर, मग लुनावर, जिल्ह्यातली एक वाडी सोडली नाही. दारात उभं राहून नाव, बापाचं नाव, आडनाव असं तीनदा पुकारायचं. माणूस बाहेर आला तर तोच का तो, हे पटवून घ्यायचं आणि मगच कागद हातात द्यायचा. नाही आला तर दोन पंच गोळा करायचे, कागद दाराला डकवायचा आणि खाली लिहायचं, ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही.’ बेलिफ दिसला की माणसं माजघरात लपत, कुत्री मात्र पुढे येत. सात वेळा त्यांनी त्याचा लचका तोडला. डाव्या पोटरीला कळंबची खूण, उजवीला मुरुमची, बाकीच्या कुठे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. बेंबीभोवती इंजेक्शनं घेऊन दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा लुनावर. पण बत्तीस वर्षांत चुकीच्या माणसाच्या हातात कागद दिला, किंवा एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलं, असं एकदाही झालं नाही. एवढी एक गोष्ट तो छाती काढून सांगायचा. बाकी सांगण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं.

असल्या माणसाच्या दारात कुत्रं आलं ते पोरीमुळे.

शिवकन्या एकुलती एक. मुंबईला मोठ्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्या वॉर्डात ड्युटी केली त्याच वॉर्डात गेली, चौतिसाव्या वर्षी. रस्ते बंद, गाड्या बंद. आई-बापाला तोंड बघायला मिळालं नाही. सगळ्या जिल्ह्याला कागद पोचवणाऱ्या बिराप्पाच्या दारात एक दिवस पोस्टमन कागद घेऊन आला, त्यावर पोरीचं नाव, आणि सही करून तो घ्यावा लागला. त्यानंतर दोन महिन्यांनी तिच्या खोलीतली मैत्रीण, दैवशाला, दोन पिशव्या आणि हे कुत्रं घेऊन आली. “तिनं वाढवलेलं हाय काका. माझी बदली झालीय, मी ह्याला कुठं ठिवू?”

अयोध्याबाईने डोळे पुसत विचारलं होतं, “नाव काय ह्याचं?”

दैवशालाने एकदा बिराप्पाकडे बघितलं, ओठ चावला, आणि म्हणाली, “नाव... असं काई न्हाई मावशी. तुम्हीच ठेवा की एखादं.”

तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. दुःखात माणूस कुत्र्याच्या नावाची चौकशी किती करणार?

आता चौपाटीचं सांगायला हवं. बिराप्पा-चन्नबसप्पाची चौपाटी म्हणजे एसटी स्टँडच्या भिंतीला लागून उभ्या असणाऱ्या आठ-दहा गाड्या. भेळ, पाणीपुरी, अंडाबुर्जी, उन्हाळ्यात उसाचा रस. पाणी म्हणाल तर पाणीपुरीतलं तेवढंच. पण गावाने तिला चौपाटी म्हटलं, आणि मग ती चौपाटीच. चन्नबसप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी हे दोघं तिथे जाऊन एका प्लेटीत भेळ खात आणि जगाला नावं ठेवत. कुत्रं सोबत. घरातून निघताना त्याचा नाच बघावा! पण गाड्यांपाशी पोचलं की ते थांबायचं नाही. भेळेचा पुरमुरा टाकला तरी हुंगायचं नाही. गाड्यांच्या मधल्या फटीतून पलीकडे जायचं, आणि पलीकडे स्टँडची भिंत. त्या भिंतीकडे तोंड करून दहा-पंधरा मिनिटं बसायचं. मग मान खाली घालून परत यायचं. दुसऱ्या दिवशी हाक आली की पुन्हा तोच नाच, पुन्हा तीच भिंत.

“भिंतीमागं मांजर आसंल,” चन्नबसप्पा म्हणायचा.

आज ते उठू शकत नव्हतं, तरी शेपटीने फरशी झाडत होतं. बिराप्पा त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि बघता बघता त्याच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. गाड्यांच्या पलीकडे भिंत नको होती. पलीकडे दुसरंच काही असायला हवं होतं.

“चन्नबसप्पा,” तो म्हणाला, “ह्याला भेळ नको व्हती रं.”

“मग?”

“हे समुद्र हुडकत व्हतं. चार वर्सं रोज आपून ह्याला समुद्र दावतो म्हणून न्हेलं आन् भित्ताडापुढं बशिवलं.”

 चन्नबसप्पाने फाटक हळूच लावून घेतलं आणि तो एकटाच गेला. त्या दिवशी भेळ त्यानेही खाल्ली नसणार.

बिराप्पा त्या संध्याकाळी ताटावरून तसाच उठला. कुत्र्याचं दुःख होतंच, पण त्याच्याआड दुसरं दडलेलं होतं. दर रविवारी पोरीचा फोन यायचा. बोलणं संपता संपता ती म्हणायची, “आप्पा, एकदा या की हिकडं. चौपाटी दाखवते तुम्हाला.” आणि हा म्हणायचा, “आगं, चौपाटी आमच्या हितंबी हाय. भेळ खायला मुंबईला कोण येतंय?” ती खळखळून हसायची. दहा वर्षं हेच. मुंबईच्या चौपाटीला समुद्र असतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, सिनेमात बघितला होता की. पण कानाला जी चौपाटी ठाऊक, तीच ऐकू यायची. शिवाय खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला मुंबईची भीती वाटायची. जिल्ह्यातल्या बांधाबांधावर फिरलेला माणूस, त्याला वाटायचं की त्या गावात आपण हरवलो तर आपलं नाव पुकारणारंही कुणी नाही. म्हणून आधी रजा नाही, मग गुडघा दुखतोय, मग दिवाळीनंतर बघू. पोर वाट बघून बघून गेली.

सकाळी चन्नबसप्पाच्या ओळखीच्या रिक्षातून कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई अश्लेषा वयाने लहान, पण हात शांत. तिने रक्त तपासलं, पोट दाबून बघितलं.

“काका, किडन्या गेल्यात त्याच्या. वयही झालंय.”

“किती दिस?”

“पंधरा दिवस. फार तर महिना. मी सलाइन लावते, पुढचे चार-पाच दिवस चालेल-फिरेल. त्याला जे आवडतं ते करू द्या तेवढ्यात.”

बिराप्पाने मान हलवली. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. मुदतीतच कागद पोचवायची सवय असलेला माणूस तो, हिशेब त्याला पटकन कळला.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, “म्या ह्याला मुंबईला न्हेतो. समुद्रावर.”

अयोध्याबाई भाकरी थापत होती. हात थांबला नाही, पण आवाज थांबून थांबून आला. “पोरीच्या येळंला मुंबई लांब व्हती. आन् कुत्र्यासाठी जवळ आली व्हय?”

तो चुलीशेजारी खाली बसला.

“धा वर्सं म्हनत व्हती, आप्पा या, आप्पा या. मला म्हनायची, आई, तू तरी धाड त्यांला. बैल गेला आन् झोपा केला. आता जाऊन कुनाला दावनार हाय तोंड?”

“कुनालाच न्हाय,” तो म्हणाला. “पर ह्याला तरी खोटं नगं. चार वर्सं खोटंच चाललं ह्याच्याशी.”

तव्यावरची भाकरी करपली. अयोध्याबाईने ती उलथली, बाजूला काढली, दुसरी टाकली. तव्याकडे बघतच म्हणाली, “गाडीत त्याला खायला दुधात कुस्करून देते. तुमच्यासाठी धपाटी बांधते. आन् घोंगडं घ्या, थंडीचं कुडकुडंल ते.” मग पदराने नाक पुसलं आणि पुन्हा थापायला लागली.

बिराप्पाचा पुतण्या सिदू चाळिशीचा, झुपकेदार मिशांचा. भूमकडचा खवा टेम्पोत भरून आठवड्यातून दोनदा मुंबईच्या मिठाईवाल्यांकडे पोचवायचा. कुत्र्याचं ऐकून त्याने आधी कपाळावर हात मारला.

“काका, खव्याच्या गाडीत कुत्रं? मालकाला कळलं तर मलाच भट्टीत घालंल.”

“खव्यात कुठं बशिवतोय? माझ्या पायापाशी बसंल. तुझ्या बहिनीचं हाय ते.”

शेवटच्या वाक्यावर सिदूचा हात कपाळावरून खाली आला. शिवकन्येने त्याच्या मुलाचं ऑपरेशन त्याच मुंबईत उभं राहून करून घेतलं होतं. “दुपारी निघू,” म्हणाला, “आन् वाटेत थांबायचं असंल तर सांगा, उगं संकोच करू नगा.”

प्रवास सांगण्यासारखा काही नाही. मागे खवा, पुढे तीन जीव. कुत्र्याने घोंगडीवर डोकं टेकवलं ते वर केलंच नाही. बिराप्पाचा गुडघा आखडला, कंबर भरून आली, मान अवघडली, आणि तरी पाय हलवायचा नाही कारण पायावर कुत्र्याची मान. सदुसष्टाव्या वर्षी टेम्पोच्या पुढच्या सीटवर जिल्हा ओलांडणं हे काही खायचं काम नाही. दोनदा त्याला वाटलं, कशाला हा खटाटोप, परत फिरावं. पण परत फिरायला हातात गाडी लागते, आणि गाडी सिदूची होती.

उजाडल्यावर सिदूने दादरला एका गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा केला. “ही गल्ली संपली की समुद्र. म्या खवा टाकून धा वाजता हितंच येतो. हरवू नगा काका.”

हरवायचं नावच नको. बिराप्पाने पट्टा हातात घेतला, पण पट्टा ओढायची वेळ आली नाही. कुत्र्याने नाक वर केलं, पडका कानसुद्धा अर्धा उभा राहिला, आणि ते चालायला लागलं. डुलत, मागचा पाय ओढत, पण वाट कुणाला न विचारता. बिराप्पा त्याच्यामागे. दोन वळणं त्याने अशी घेतली की एखादा जुना रहिवासीच. गल्लीच्या शेवटी भेळेच्या गाड्या, सकाळची वेळ म्हणून निळ्या प्लॅस्टिकने झाकलेल्या. कुत्रं त्यांच्याकडे न बघता मधल्या फटीतून पलीकडे गेलं. बिराप्पा आपसूक थबकला. इथे भिंत यायची.

भिंत नव्हती. वाळू होती, आणि तिच्यापुढे पाणी, दिसेल तिथपर्यंत पाणीच.

बिराप्पाला पहिल्यांदा काय वाटलं म्हणाल तर राग आला. स्वतःचा. हे इतकं मोठं दाखवायला पोर बोलवत होती आणि आपण पुरमुऱ्याच्या गोष्टी करत होतो. डोळे भरून आले, खारा वारा झोंबला असेल म्हणून त्याने ते बाहीने पुसले. कुत्रं तोवर पाण्यापाशी पोचलं होतं. लाट आली, त्याच्या पायांवरून गेली, परत फिरली. ते तिथेच ओल्या वाळूत बसलं, समोर बघत, अगदी स्टँडच्या भिंतीपुढे बसायचं तसंच.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. “अय्यो! आप्पा बंदा! आप्पा बंदा!”

बिराप्पाच्या अंगावर काटा आला. कानडी! मुरुमच्या बाजारात अर्धं बोलणं कानडीतच चालायचं, ती भाषा तो आईच्या भाषेसारखीच समजायचा. ‘आप्पा आला, आप्पा आला!’ या परक्या गावात त्याला ओळखणारं कोण? पोरीने फोटो दाखवला असेल. सांगून ठेवलं असेल, माझे आप्पा येतील एक दिवस. एवढ्या मोठ्या गावात कुणीतरी आपली वाट बघत होतं! बारीकसं एक खटकलं. वडीलधाऱ्या माणसाला ‘बंदा’ काय, ‘बंदरु’ म्हणतात, आले म्हणतात. पण असो. त्याने वळून दोन्ही हात जोडले.

डोक्यावर इडलीचं पातेलं घेतलेली, पन्नाशीची, काळीसावळी बाई वाळूतून धावत येत होती. ती त्याच्या जोडलेल्या हातांच्या बाजूने तशीच पुढे गेली. पातेलं खाली ठेवलं, कुत्र्यापुढे फतकल मारून बसली आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

“आप्पा! कुठं होता रे इतके दिवस? किती वाळलास रे आप्पा!”

आणि मुकादम म्हणून चार वर्षं ढिम्म न हललेलं कुत्रं तिच्या मांडीत डोकं खुपसून कुंई कुंई करायला लागलं.

बिराप्पाचे हात तसेच जोडलेले राहिले. खाली कसे आणायचे ते त्याला कळेना.

बाई थोडी सावरली तेव्हा तिने वर बघितलं. “तुम्ही सांभाळता ह्याला आता?”

“व्हय,” तो कसाबसा म्हणाला. “ह्याचं नाव... आप्पा हाय?”

“मग! सगळी चौपाटी वळखते आप्पाला.” तिने पदराने कुत्र्याचे डोळे पुसले. “मी पार्वतम्मा. इडली विकते इथं, वीस वर्ष झाली. एक नर्सबाई होती, शिवकन्या म्हणून. आमच्याच बाजूची, कानडी येत होती तिला थोडी थोडी. नाइट ड्युटी सुटली की सकाळी सरळ इथं यायची. हे पिल्लू इथंच सापडलं तिला, त्या भेळेच्या गाडीखाली. मी विचारलं, नाव काय ठेवतेस? तर म्हणाली, आप्पा. मी म्हटलं, अय्यो, कुत्र्याला बापाचं नाव ठेवतं का कोण? पाप लागेल.”

“मग... काय म्हनाली ती?”

“हसली. म्हणाली, माझे आप्पा काय यायचे नाहीत, पार्वतम्मा. बोलवून बोलवून दमले मी. आता हेच माझे आप्पा. ह्यांना रोज चौपाटी दाखवते. आणि बघा, कुत्र्याशी बोलायची पण कशी? अहो-जाहो! ‘आप्पा, या. आप्पा, बसा. आप्पा, बघा किती मोठी लाट आली.’ आम्ही पोट धरधरून हसायचो. इडली खाताना पहिला तुकडा त्याला. म्हणायची, आधी मोठ्या माणसांनी खायचं.”

लाट आली आणि बिराप्पाच्या चपला भिजवून गेली. तो बाजूला झाला नाही. दारात उभं राहून तीन हाका मारायच्या आणि माणूस आला नाही तर कागद डकवून निघायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. पोरीने तीन नाही, दहा वर्षं हाका मारल्या होत्या. सदर इसम मिळून आला नाही. आणि तरी तिने दाराला कागद डकवला नाही, एक पिल्लू उचललं आणि त्याला तुम्ही म्हणत राहिली. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या तळाशी काहीतरी गोड होतं, त्याचीही त्याला लाज वाटली. इतकी वर्षं ती आपल्याशीच बोलत होती की!

पार्वतम्माने पातेलं उघडून एक इडली कुत्र्यापुढे धरली. ते कालपासून काही खात नव्हतं. तिच्या हातून चिमूटभर खाल्लं.

“नर्सबाई गेली ते कळलं आम्हाला,” ती म्हणाली. “मग आप्पा पण दिसेना. तिच्या आप्पाकडे पोचवलं म्हणाली तिच्या खोलीतली ती दुसरी बाई. पोचलं होतं का? तिचे आप्पा आहेत का?”

बिराप्पा समुद्राकडे बघत होता.

“आहेत,” तो म्हणाला.

“आणि तुमचं नाव काय?”

बत्तीस वर्षं हा प्रश्न त्याने दुसऱ्यांना विचारला होता. नाव, बापाचं नाव, आडनाव. माणूस खोटं नाव सांगायला लागला की त्याला डोळ्यांवरून कळायचं. त्याने पार्वतम्माकडे बघितलं, तिच्या मांडीत डोकं टेकवून पडलेल्या कुत्र्याकडे बघितलं. रोज चौपाटीवर कोण आलं होतं? उन्हात, पावसात, तिची ड्युटी सुटायच्या वेळेला तिच्यासोबत कोण बसलं होतं?

“मुकादम,” तो म्हणाला. “मला मुकादम म्हणतात.”

“बसा की मग, मुकादमकाका. इडली खा.”

तो वाळूत बसला. इडली खाल्ली. धपाटी सोडली, तिला दिली. तिने चव घेऊन म्हटलं, आमच्या गावची चव आहे.  येणारेजाणारे थांबत होते. पाठीला बाक आलेला एक म्हातारा, घामेजलेल्या दोन बायका, नारळवाला. “अरे, आप्पा!” “आप्पा, कधी आलात?” कुत्रं प्रत्येकाला शेपटी हलवून ओ देत होतं. आणि प्रत्येक हाकेला बिराप्पाचीही मान उठायची, मग तो ती खाली घालायचा. ऊन चढलं. सगळ्यांनी हात फिरवून झाल्यावर कुत्रं पुन्हा पाण्याकडे गेलं आणि आपल्या जागी बसलं.

दहा वाजत आले. सिदू येऊन थांबला असेल. बिराप्पा गुडघ्यावर हात टेकून उठला, कपड्यांवरची वाळू झटकली.

“मुकादम,” असं तो सवयीने म्हणणार होता. शब्द ओठांवरून परत फिरला. पार्वतम्मा पातेलं डोक्यावर घेता घेता त्याच्याकडे बघत होती.

कुणाच्याही दारात पुकारा करण्याआधी करायचा तसा त्याने घसा साफ केला. स्वतःच्या नावाने हाक मारायची त्याला जन्मात वेळ आली नव्हती.

“आप्पा,” तो म्हणाला. “उठा आता. घरी चला.”

कुत्रं पहिल्या हाकेला उठलं. ओल्या पायांनी, मागचा पाय ओढत, त्याच्यापाशी आलं. बिराप्पाने पट्टा काढून खिशात ठेवला, त्याला पुढे होऊ दिलं, आणि मोठ्या माणसाच्या मागून चालावं तसा तो दोन पावलं मागून निघाला.